शंभरातले चाळीस

जनरल मीरो हिशेब मांडतो. आपल्याच तोफांच्या माऱ्यात ५ टक्के जातील, आणि हा आकडा त्याने सढळ हाताने धरलेला आहे. दोन्ही खंदकांमधला उघडा पट्टा ओलांडताना आणखी १० टक्के. काटेरी तारांतून पलीकडे जाताना २०. राहिले ६५ टक्के, आणि कामाचा सगळ्यात कठीण भाग तोवर उरकलेला. प्रत्यक्ष टेकडी घेताना समजा अजून २५ टक्के गेले, तरी ती राखायला पुरतील इतकी माणसं हाताशी उरतात. कर्नल डॅक्स ऐकून घेतो आणि विचारतो, म्हणजे माझी निम्म्याहून जास्त माणसं मरणार? जनरल नाही म्हणत नाही. किंमत मोठी आहे, हे त्यालाही मान्य आहे. पण टेकडी आपल्या ताब्यात येईल.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या १९५७ सालच्या कृष्णधवल चित्रपटातला हा प्रसंग. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच आघाडी, साल १९१६, आणि घ्यायची टेकडी म्हणजे जर्मनांनी भक्कम करून ठेवलेलं ‘अँट हिल’ नावाचं ठाणं. खंदकातल्या युद्धावरचे चित्रपट मी मिळतील तसे पाहत आले आहे. चिखल, उंदीर, उवा, साचलेल्या पाण्यात कुजणारे पाय, रात्रभर चालणारा तोफांचा भडिमार हे सगळं त्यांतल्या बहुतेकांत असतं. असायलाच हवं, कारण ते खरं होतं. पण शिपाई खंदकाबाहेर पडून मशीनगनच्या दिशेने चालत का जातो, त्याला तिकडे पाठवणारा आकडा कुठल्या खोलीत, कुणाच्या तोंडून निघतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. म्हणून मी याच्याकडे पुन्हा पुन्हा येते.

आकडा जन्मतो तो एका प्रासादात. उंच छत, भिंतीवर मोठमोठी तैलचित्रं, चकचकीत फरशी. (चित्रीकरण जर्मनीत, म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम राजवाड्यात झालं.) वरिष्ठ जनरल ब्रुलार मीरोला भेटायला येतो. बोलणं गोड, हसणं मोकळं, खोलीची सजावट किती छान आहे याचं कौतुक. मग सहज विषय निघावा तसा अँट हिलचा विषय निघतो. मीरो आधी साफ सांगतो की हे होण्यासारखं नाही, माझी डिव्हिजन आधीच पोळून निघालेली आहे. ब्रुलार बढतीची गोष्ट काढतो. मीरो दुखावल्यासारखं करतो, आठ हजार माणसांचा जीव माझ्या हाती आहे म्हणतो. दोघे बोलत बोलत खोलीत फिरत राहतात, खुर्च्या-टेबलांना वळसे घालतात, कॅमेरा त्यांच्या मागे मागे असतो. फेरी पूर्ण होईतो अशक्य असलेली टेकडी शक्य झालेली असते. धमकी नाही, लाच नाही, आवाजही चढत नाही. हा प्रसंग पाहताना मला त्या दोघांचा राग यायच्या आधी भीती वाटते.

तिथून आपण थेट खंदकात येतो.

१९१४ च्या शरद ऋतूत दोन्ही सैन्यांनी एकमेकांना बगल द्यायचा प्रयत्न केला, कुणालाच जमलं नाही, आणि मग जो तो जमिनीत शिरला. वर्ष संपता संपता उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची रांग तयार झाली होती. पुढची तीनेक वर्षं ती फारशी हलली नाही. कारणं अवघड नव्हती. हल्ला करणारा पायी चालत यायचा. बचाव करणाऱ्याची कुमक रेल्वेने यायची. तोफांनी काटेरी तारा तुटतील असं गृहीत धरलं जायचं आणि त्या बहुधा तुटायच्या नाहीत. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा मात्र तुटायच्या, मग पुढे काय चाललंय हे मागे कळायला धावत जाणारा निरोप्या लागायचा, आणि तो पोचेलच याची खात्री नसायची. एक मशीनगन नीट जागेवर बसली की शेकडो माणसं अडवू शकत होती. हे सगळं १९१५ मध्येच समजून चुकलं होतं. तरी हल्ले होत राहिले.

आपल्या पोवाड्यांत सरदार आघाडीवर असतो. कोंढाण्यावर तानाजी स्वतः चढतो, स्वतः पडतो. मरणाची जोखीम आणि हुकूम एकाच माणसाच्या अंगावर असतात. मराठीत लढाईची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला म्हणूनच हे खंदकातलं युद्ध समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. इथे हुकूम देणारा मैलोगणती मागे असतो, नकाशावर. त्यात प्रत्येक जनरल दुष्ट होता असं मी म्हणत नाही. मागे राहिल्याशिवाय एवढी मोठी सैन्यं चालवता येत नव्हती. पण अंतर पडलं की माणसाचा आकडा व्हायला वेळ लागत नाही, आणि कुब्रिकने या अंतरालाच चित्रपटाचा विषय केलं आहे.

मीरो खंदकाची पाहणी करायला येतो. कॅमेरा त्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, मागे मागे सरकत जातो. खऱ्या खंदकापेक्षा हा खंदक थोडा रुंद खणला होता, कॅमेऱ्याची गाडी जावी म्हणून. तोफगोळे जवळपास पडतायत. मीरो ताठ चालतो, मध्येच थांबतो, शिपायाला विचारतो, काय जवान, आणखी जर्मन मारायला तयार? लग्न झालंय का, घरी कोण आहे? पुढच्याला पुन्हा तेच. तिसरा शिपाई उत्तर देऊ शकत नाही. त्याचे डोळे कुठेतरी दूर लागलेले आहेत. बायकोचं नाव निघताच तो रडू लागतो, आता ती परत दिसायची नाही म्हणतो. सोबतचा सार्जंट सांगतो, साहेब, याला शेल शॉक आहे, म्हणजे तोफांच्या माऱ्याने मनाला बसलेला धक्का. मीरो म्हणतो, शेल शॉक नावाची गोष्टच नसते. तो त्या शिपायाला थोबाडीत मारतो आणि रेजिमेंटमधून हाकलून द्यायला सांगतो, बाकीच्यांना लागण नको म्हणून.

चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेल शॉकवर लेख लिहिला तो फेब्रुवारी १९१५ मध्ये. चित्रपटातला प्रसंग १९१६ चा. म्हणजे मीरोच्या वेळी त्या दुखण्याला नाव मिळालेलं होतं, छापून आलेलं होतं. नाव मिळूनही शिपायाच्या वाट्याला चपराकच येते, आणि मारणारा मनापासून समजतो की आपण शिस्त राखतोय.

हल्ल्याच्या सकाळी त्याच खंदकातून डॅक्स चालत जातो. डॅक्स झालेल्या कर्क डग्लसने आयुष्यात बरंच काम केलं, पण हे काही क्षण मला त्याच्या सगळ्या भूमिकांहून मोठे वाटतात, आणि त्यांत तो एक अक्षर बोलत नाही. दोन्ही भिंतींना शिपाई टेकून उभे आहेत. तो येतो तसे ते अंग चोरून वाट देतात. एकदा कॅमेरा त्याच्या समोर असतो, एकदा त्याचे डोळे होतो. मग ते सगळे चेहरे आपल्याकडे पाहत असतात. मघाशी मीरोला जे विचारायचं होतं त्यातलं काहीही विचारायची गरज डॅक्सला पडत नाही. धूर, धूळ, वरून सुटलेले गोळे. मग घड्याळ, शिट्टी, शिडी. तो पहिला वर चढतो.

हल्ल्याचं दृश्य म्युनिकजवळच्या एका शेतात उभं केलं होतं. भाड्याने घेतलेली ती जमीन सुरुंगांनी फोडून, पाण्याने भरून, तारा पसरून युद्धभूमी केली. फ्रेंच शिपाई झाले ते बहुतेक जर्मन पोलीस. कॅमेरा आडवा सरकत जातो, खड्ड्यांतून, तारांमधून, आणि माणसं पडत जातात. कुणाच्या मरणावर तो रेंगाळत नाही. संगीत नाही. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की या अख्ख्या लढाईत एकही जर्मन शिपाई दिसत नाही. गोळ्या येतात, गोळे येतात, पण शत्रूचा चेहरा नाही. मला वाटतं खंदकातल्या शिपायाचा अनुभव नेमका असाच असणार. महिनोन्महिने समोर कुणीतरी आहे, ते आपल्याला मारतंय, आणि ते कधी दिसत नाही. दिसतात ते आपलेच लोक, आणि आपले साहेब.

हल्ला फसतो. एक संपूर्ण तुकडी तर खंदकातून बाहेरच पडू शकत नाही, इतका मारा चाललेला असतो. मागून दुर्बिणीतून हे पाहणारा मीरो चवताळतो आणि आपल्याच तोफखान्याला आपल्याच खंदकावर मारा करायला सांगतो, म्हणजे तरी ते बाहेर पडतील. तोफखान्याचा कॅप्टन रुसो टेलिफोनवर नम्रपणे सांगतो की असा हुकूम मला लेखी आणि सहीनिशी लागेल. मीरो त्याला अटकेची धमकी देतो. रुसो तेच वाक्य पुन्हा बोलतो. चित्रपटात त्याला मोजून काही क्षण मिळतात आणि मी त्याला विसरू शकलेले नाही. तो बंड करत नाही, भाषण देत नाही, युद्ध चूक आहे असंही म्हणत नाही. फक्त एक कागद मागतो. त्या कागदावर सही करायची कुणाची तयारी नसते, आणि तेवढ्याने खंदकातली माणसं वाचतात.

वाचतात, पण पुढे काय?

आता आकडा ठरतो तो भेकडपणाबद्दल किती जणांना गोळ्या घालायच्या याचा. इथे मात्र भाव वरून खाली येत जातो. मीरोला शिक्षा द्यायची आहे ती शंभरेक जणांना. डॅक्स म्हणतो, मग सगळी रेजिमेंटच उभी करा. किंवा उदाहरणच हवं असेल तर मला घ्या. ब्रुलार समजूतदार माणसासारखा मध्ये पडतो, ताणू नका म्हणतो, आणि पहिल्या लाटेतल्या प्रत्येक कंपनीमागे एक, असे तिघे ठरतात. तिघे कोण, ते नंतर ठरवायचं. ही सगळी घासाघीस सभ्य भाषेत चालते.

त्या तिघांची निवड कशी होते हे चित्रपट सावकाश सांगतो आणि तिथेच तो माझ्या मते खऱ्या अर्थाने मोठा होतो. कॉर्पोरल पॅरिसला त्याचाच अधिकारी लेफ्टनंट रोझे निवडतो, कारण रात्रीच्या टेहळणीत रोझे दारूच्या नशेत घाबरला, त्याने अंधारात बाँब फेकला, त्यात आपलाच एक माणूस मेला, आणि हे पॅरिसने पाहिलं होतं. फेरॉलला निवडलं कारण तो कुणाला नकोसा आहे. चारचौघांत न बसणारा, ओबडधोबड माणूस. आर्नो शौर्याबद्दल गौरवलेला शिपाई आहे. त्याच्या कंपनीने चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याचं नाव निघालं. एक सूडाने, एक तिरस्काराने, एक नशिबाने. हल्ल्यात काय घडलं याच्याशी तिघांपैकी कुणाच्याही निवडीचा संबंध नाही.

हल्ल्याच्या आदल्या रात्री आर्नो शेजारच्या शिपायाशी अंधारात बोलत असतो. मशीनगनने मरायला आवडेल की संगिनीने, असा प्रश्न. आर्नोचं म्हणणं असं की माणसं मरणाला भीत नाहीत, दुखण्याला भितात; मरणालाच भ्यायचं असतं तर कशाने मरणार याने काय फरक पडला असता? तो हे अगदी शांतपणे, कोडं सोडवावं तसं बोलतो. त्याच माणसाला पुढे कोठडीत धर्मगुरूवर धावून जाताना, मार खाऊन डोकं फुटून बेशुद्ध पडताना पाहिलं की तो संवाद आठवतो. सकाळी त्याला स्ट्रेचरला बांधून वधस्तंभापर्यंत नेतात. गोळ्या घालताना तो शुद्धीवर असायला हवा, म्हणून त्याचे गाल चिमटून डोळे उघडायला सांगितलेलं असतं.

कोठडीतला आणखी एक क्षण. पॅरिसला जमिनीवर झुरळ दिसतं. उद्या सकाळी आपण मेलेले असू आणि हे झुरळ जिवंत असेल, माझ्या बायको-मुलाशी माझ्यापेक्षा जास्त संबंध याचा असेल, असं तो म्हणतो. फेरॉल हात आपटून झुरळ चिरडतो आणि म्हणतो, आता तू त्याच्या पुढे गेलास. ज्याला कुणी माणसांत धरलं नाही, त्याला त्या रात्री सोबत्याचं दुःख कळतं आणि त्याच्याजवळ जे आहे ते तो देतो. दुसऱ्या दिवशी मैदानात तो हुंदके देत चालतो, धर्मगुरूला बिलगतो. पॅरिस ताठ उभा राहतो. कुणाचं मरण अधिक धैर्याचं होतं, याचा निकाल चित्रपट देत नाही आणि मलाही द्यावासा वाटत नाही.

त्याआधीचा खटला त्याच प्रासादात, काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या फरशीवर. आरोपपत्र वाचून दाखवलं जात नाही, कामकाजाची नोंद ठेवली जात नाही. मागच्या शौर्याचा पुरावा चालत नाही. तू पुढे का गेला नाहीस, या प्रश्नाला आजूबाजूचे सगळे मेले होते असं उत्तर दिलं तरी ते उत्तर धरलं जात नाही.

आता जे खरंच घडलं त्याकडे येते.

शॅम्पेन प्रांतातलं सुएँ गाव. १० मार्च १९१५. फ्रेंच सैन्याच्या ३३६ व्या पायदळ रेजिमेंटमधल्या २१ व्या कंपनीला हल्ल्याचा हुकूम होतो. आधीचे हल्ले फसलेले, मधल्या पट्ट्यात आपल्याच सोबत्यांची प्रेतं, फ्रेंच तोफांचे गोळे आपल्याच रांगेजवळ पडतायत. माणसं खंदकातून बाहेर पडत नाहीत. जनरल रेवेयाक तोफखान्याला आपल्याच खंदकांवर मारा करायला सांगतो आणि तोफखान्याचा अधिकारी लेखी हुकमाशिवाय नकार देतो. चित्रपटातला रुसो म्हणजे कल्पना नव्हे, एवढं यातून कळतं. मग ६ कॉर्पोरल आणि १८ शिपाई अशा २४ जणांवर खटला उभा राहतो. त्यांतल्या चौघा कॉर्पोरलना मृत्युदंड होतो: तेओफिल मोपा, लुई लफुलाँ, लुई जिरार आणि लुसिएँ लशा. १७ मार्चला स्वीप गावाजवळ त्यांना गोळ्या घातल्या. शॅम्पेनमधली ती हिवाळी मोहीम जवळपास त्याच दिवसांत गुंडाळली गेली.

या तारखेपाशी मी थबकले, कारण १० मार्च १९१५ ही तारीख आपल्याकडच्या लष्करी इतिहासातही आहे. त्याच सकाळी, त्याच आघाडीवर, उत्तरेकडे बऱ्याच अंतरावर नव्ह शापेल गावाशी ब्रिटिशांचा हल्ला सुरू झाला, आणि त्यात हिंदी सैन्याची मेरठ डिव्हिजन पुढे होती. गढवाल रायफल्सचा गबर सिंग नेगी त्या दिवशी मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांचं थडगं सापडलं नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आज नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. एका ठिकाणी पुढे गेलेल्याला पदक, दुसऱ्या ठिकाणी पुढे जाऊ न शकलेल्यांना गोळी. पण खंदकाच्या काठावर, शिडीवर पाय ठेवताना या दोघांत काही फरक असेल, असं मला वाटत नाही.

तेओफिल मोपा शाळेत शिक्षक होता. त्याची बायको ब्लांश, तीही शिक्षिका. भेकडपणाबद्दल गोळी घातलेल्याची बायको म्हणून जगणं त्या काळी काय असेल, याचा अंदाज बांधता येतो. ती गप्प बसली नाही. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या फ्रेंच संघटनेला सोबत घेऊन तिने खटला पुन्हा चालवावा यासाठी अर्ज केले, ते फेटाळले गेले, पुन्हा केले. युद्ध संपलं तरी तिचं चालूच. अखेरीस माजी सैनिकांनाही न्यायाधीश म्हणून बसवणारं एक खास लष्करी न्यायालय स्थापन झालं आणि ३ मार्च १९३४ रोजी त्या न्यायालयाने चौघांची नावं निष्कलंक ठरवली. खंदकात राहून आलेल्यांनी खंदकातल्या माणसांचा न्याय केला, तेव्हा निकाल फिरला. नुकसानभरपाई म्हणून एक फ्रँक मिळाला, नाममात्र.

त्याच वर्षी एका अमेरिकन वर्तमानपत्रात अशाच निर्दोष ठरवलेल्या फ्रेंच सैनिकांची बातमी आली होती: मागे राहिलेल्या विधवांना प्रत्येकी ७ सेंट भरपाई. हंफ्री कॉब या अमेरिकन लेखकाने ती वाचली आणि त्याला कादंबरी सुचली, असं सांगतात. कॉब स्वतः कॅनडाच्या सैन्यातून त्या युद्धात लढलेला होता. त्याची कादंबरी १९३५ मध्ये आली. नाव मात्र टॉमस ग्रेच्या अठराव्या शतकातल्या एका कवितेतल्या ओळीवरून घेतलं. कीर्तीच्या वाटा शेवटी थडग्यापाशीच जातात, असा त्या ओळीचा भाव. त्या कादंबरीवरून हा चित्रपट.

म्हणजे ही गोष्ट जगापर्यंत पोचली ती बायकांमुळे. त्यांनी वीस-वीस वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले नसते तर बातमी नसती, कादंबरी नसती, कुब्रिकचा चित्रपट नसता. आणि चित्रपटात या बायका कुठेच नाहीत. चित्रपटाबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. डॅक्स जरा जास्तच निर्मळ आहे, फ्रेंच शिपाई अमेरिकन ढंगाचं इंग्रजी बोलतात, या गोष्टी मी सोडून देते. पण गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोष्ट संपली असं हा चित्रपट मानतो, तर प्रत्यक्षात ब्लांश मोपाची गोष्ट त्या गोळ्यांपासून सुरू झाली होती. पॅरिसच्या बायकोचा नुसता उल्लेख येतो, तेवढाच.

हे म्हणताना मला कुब्रिकवर अन्यायही करायचा नाही. त्याने तिशीच्या आत हा चित्रपट केला. मध्यंतरी तो विकला जावा म्हणून तिघांना अखेरच्या क्षणी माफी मिळते असा शेवट लिहिला गेला होता, आणि आपण तो हाणून पाडला, असं कर्क डग्लसने आठवणींत लिहिलं आहे. तो शेवट राहिला असता तर आज कुणी या चित्रपटाचं नाव घेतलं नसतं. आणि एक बाई तर अखेरीला येतेच. खानावळीत शिपाई दारू पीत बसलेत. एका जर्मन मुलीला पकडून आणून त्यांच्यापुढे उभं केलं जातं. शिट्ट्या, आरडाओरडा, घाणेरडे विनोद. ती घाबरत गाऊ लागते, एक जुनं जर्मन लोकगीत, घोडेस्वार शिपायाचं आणि त्याच्या मरणाला टेकलेल्या प्रेयसीचं. भाषा कुणाला कळत नाही. हळूहळू गोंगाट थांबतो, शिपाई तिच्या चालीवर गुणगुणू लागतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. (ती भूमिका करणारी क्रिस्टियाने हार्लन पुढे कुब्रिकची बायको झाली.) अख्ख्या चित्रपटात दिसलेलं हे एकच जर्मन माणूस. काहींना हा प्रसंग गोड आणि जोडून दिल्यासारखा वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण तो या शिपायांना धुऊन काढत नाही. हेच लोक क्षणापूर्वी तिला छळत होते. ते चांगले आहेत म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला असं नाही. ते कसेही असले तरी तो अन्यायच होता.

फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ पर्यंत चित्रपटगृहांत लागला नाही. अधिकृत बंदी आली नव्हती. अल्जीरियातलं युद्ध चालू असताना फ्रेंच सैन्याची अशी गोष्ट दाखवायला कुणी पुढे झालं नाही, आणि दबाव होताच. स्वित्झर्लंडनेही तो बराच काळ दाखवू दिला नाही.

ब्रिटनची कहाणीही याहून फार निराळी नाही. हॅरी फार हा साधा शिपाई. १९१५ मध्ये तो शेल शॉकसाठी पाच महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर पाठवलं, आणि पुढच्या वर्षी त्याने पुढे जायला नकार दिला. सुमारे वीस मिनिटांत खटला आटोपला आणि १८ ऑक्टोबर १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला गोळ्या घातल्या. मीरोच्या थोबाडीतल्या शिपायाचं पुढे काय होऊ शकलं असतं, ते हे. त्याच्या बायकोचं निवृत्तिवेतन बंद झालं. तिने कित्येक वर्षं ही गोष्ट मुलीलाही सांगितली नाही. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा ३०६ सैनिकांना माफी दिली तेव्हा ती बाई हयात नव्हती. मुलगी मात्र होती, नव्वदी ओलांडलेली, आणि त्या लढ्यात ती पुढे होती.

फ्रान्समध्ये प्रश्न अजून उघडा आहे. लष्करी अवज्ञेबद्दल गोळ्या घातलेल्या ६३९ सैनिकांना एकत्रितपणे निष्कलंक ठरवावं, असा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने मंजूर केला. पुढच्या वर्षी सिनेटने तो नाकारला. एकेक प्रकरण वेगळं तपासल्याशिवाय सरसकट निर्णय देता येणार नाही, हा विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकते. पण शिक्षा देताना एकेक प्रकरण कुणी तपासलं होतं? ज्यांच्या बायका किंवा मुलं ब्लांशसारखी वीस वर्षं लढू शकली नाहीत, त्यांची नावं अजून तशीच आहेत, आणि ती साफ करण्याचं काम त्यांच्या घरच्यांवर सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं.